पापणीखालच्या पिशवीत काय आहे?

लग्नसराई जवळ आली की आपल्या ओपीडीत एक वाक्य वारंवार कानी पडते. "डॉक्टर, डोळ्यांखाली पिशव्या आल्यात. जो तो विचारतो, झोप होत नाही का?" बोलणारी व्यक्ती बहुधा पन्नाशीतली, आणि मोबाइलवर फिलरची जाहिरात पाहून आलेली. अशा वेळी सुई उचलणे आता फार सोपे झाले आहे. मला काळजी वाटते ती त्याचीच.

पिशवी हा रुग्णाचा शब्द. निदान आपल्याला करायचे आहे. वयाबरोबर ऑर्बिटल सेप्टम सैल पडतो आणि खोबणीतली चरबी पुढे येते. रुग्णाला वर पाहायला सांगा. चरबी असेल तर फुगवटा ठळक होतो आणि खाली पाहिले की ओसरतो. पाणी साठले असेल तर नजर फिरवून फारसा फरक पडत नाही. ती सूज सकाळी जास्त असते आणि हाडाची कड ओलांडून गालावरही उतरते. असा रुग्ण आधी थायरॉइडच्या आणि मूत्रपिंडाच्या तपासणीला पाठवावा. फिलरमधले हायल्युरोनिक आम्ल स्वतःच पाणी धरून ठेवते. सुजऱ्या पापणीखाली ते भरले तर सूज वाढते, वरवर दिले गेले तर त्वचेतून निळसर झाक दिसते. पिशवी आणि गाल यांच्यामधली खळगी भरायला फिलरचा उपयोग आहे, हे मान्य. पण तो रक्तवाहिनीत गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते, आणि बोथट कॅन्युला वापरली म्हणून हा धोका संपत नाही. हायल्युरोनिडेज हाताशी नसेल तर डोळ्याभोवती फिलर देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वरच्या पापणीतही असाच घोटाळा होतो. लोंबती कातडी दिसते आणि टोसिस नजरेतून सुटतो. एमआरडी-१ मोजायला अर्धे मिनिटही लागत नाही. संध्याकाळी पापणी जास्त खाली येते का, दोन-दोन दिसते का, हे विचारल्याशिवाय मायस्थेनिया बाजूला ठेवता येत नाही. भुवईच खाली उतरली असेल आणि रुग्ण कपाळाला आठ्या घालून ती उचलून धरत असेल, तर नुसती कातडी कापल्यावर भुवई आणखी उतरते. भुवई ते पापणीची कड यांमध्ये किमान २० मिमी कातडी राखायचा नियम जुना आहे, पण आजही तितकाच खरा आहे.

खालच्या पापणीच्या शस्त्रक्रियेत आतल्या बाजूने, कंजंक्टायव्हातून जाण्याकडे माझा कल आहे. बाहेर व्रण राहत नाही आणि पापणी खाली ओढली जाण्याची भीती कमी होते. मात्र नाकाकडचा आणि मधला कप्पा यांमध्ये इन्फिरिअर ऑब्लिक स्नायू असतो, त्याचे भान हवे. सगळी चरबी काढून टाकली की काही वर्षांनी डोळा खोल जातो आणि चेहरा आजारी दिसतो. शक्य तिथे ती हाडाच्या कडेवर पसरवावी. पापणी ओढून सोडल्यावर चटकन जागेवर येत नसेल तर कॅन्थसला आधार दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. काळ्या वर्तुळांचेही आधीच बोलून घ्यावे. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेतले रंगद्रव्य शस्त्रक्रियेने जात नाही, आणि सीओटू लेझरनंतर डाग अधिक गडद होण्याचा धोका असतो.

सर्वांत महत्त्वाचे बोलायचे आहे ते शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रीबद्दल. डोळ्यामागे रक्तस्राव क्वचितच होतो, पण झाला तर दृष्टी वाचवायला हातात फार थोडा वेळ असतो. म्हणून दोन्ही डोळ्यांना घट्ट पट्टी बांधून रुग्णाला घरी पाठवू नका. दिसणे कमी झाले तरी त्याला कळणार नाही. एकेक डोळा झाकून पाहायला शिकवा, तेही घरच्या माणसासमोर. वाढती वेदना, पुढे आलेला ताठ डोळा, मंदावलेली नजर, ही लक्षणे कागदावर मराठीत लिहून द्या आणि खाली रात्री उचलला जाईल असाच फोन नंबर लिहा. रुग्ण आलाच तर सीटी स्कॅनसाठी न थांबता टाके उघडून लॅटरल कॅन्थोटॉमी आणि कॅन्थोलिसिस करायला हवी. त्यासाठीची कात्री आणि आर्टरी फोर्सेप्स निर्जंतुक करून कुठे ठेवली आहेत, हे तुमच्या रात्रपाळीच्या सिस्टरला आज विचारून पाहा.