एका संथ यंत्राची शिक्षा सगळ्यांना

गेल्या महिन्यात पासबुक भरून घ्यायला बँकेत गेलो होतो. वीस-पंचवीस माणसे रांगेत, आणि काऊंटरवर ठरलेले उत्तर : ‘सर्व्हर डाऊन आहे, दुपारी या.’ माझ्या पुढचे आजोबा पेन्शनसाठी तिसरी खेप घालत होते. काय बिघडले, असे विचारले तर पलीकडच्या बाईंनी छताकडे बोट दाखवले. दोष यंत्राचा, म्हणजे कोणाचाच नाही!

ही समजूत तपासून पाहायला हवी. कारण पुष्कळदा सर्व्हर बंद पडलेला नसतोच. तो ताटकळत असतो.

मोठ्या बँकांत आणि इस्पितळांत हिशेब करणारे संगणक वेगळे आणि माहितीची कोठारे वेगळी असतात. दोहोंना जोडणारे स्वतंत्र जाळे म्हणजे स्टोरेज एरिया नेटवर्क. त्यातली ‘फायबर चॅनल’ ही पद्धत १९९४ साली प्रमाणित झाली आणि आजही वापरात आहे. इंटरनेटवर गर्दी झाली की माहितीचे काही तुकडे टाकून दिले जातात आणि पुन्हा पाठवले जातात. कोठाराच्या कामात ते परवडत नाही. म्हणून समोर जागा रिकामी असल्याचा निरोप आल्याशिवाय तुकडा पुढे सोडायचाच नाही, असा शिरस्ता. गर्दीतही माहिती गळत नाही, हे त्याचे मोठेपण.

पण गोम इथेच आहे. एखादा संगणक आलेला माल उचलायला उशीर करू लागला, की त्याच्या मागचा स्विच भरतो. मग त्याच्याही मागचा. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर एका दुकानापुढे टेम्पो उभा राहिला, की त्या दुकानाशी देणेघेणे नसलेला रिक्षावालाही मागच्या चौकात अडकतो. तसेच हे.

मग रस्ता रुंद करावा? त्याने कधी कधी कोंडी वाढते. ६४ गिगाबिटच्या दुव्यावरचे नवे फ्लॅश कोठार मागितलेला माल भराभर सोडते. मागणारा जुना संगणक १६ गिगाबिटच्या दुव्यावर असतो. चौपट वेगाने आलेला माल त्याच्या दारातच तुंबतो. महामार्ग सहापदरी आणि गावात शिरताना बोळ!

उपाय आहेत. गर्दीची सूचना जाळ्यानेच संगणकाला द्यायची, संथ वाहतूक वेगळ्या मार्गिकेत वळवायची, किंवा संगणकाची मागणीच मोजून पुढे सोडायची. ही सोय आजच्या स्विचमध्ये मिळते. पण त्यावर नजर ठेवणारा जाणता माणूस आणि जुने यंत्र वेळीच बदलण्याची तयारी, या गोष्टी स्विचबरोबर येत नाहीत.

एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या व्यवहारांची माहिती देशातच साठवण्याचा आदेश दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या व्यवहारांनी एका महिन्यात एक हजार कोटींचा टप्पा ओलांडला. नवी मुंबईत डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या बातम्यांत मेगावॉट असतात, कोटींचे आकडे असतात. आतली वाट मोकळी ठेवायची जबाबदारी कोणाची, हे मात्र नसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सेवा खोळंबली, की तिचे कारण साध्या मराठीत फलकावर लिहावे. ज्याला कारण लिहावे लागते, तो ते शोधतोही. त्या आजोबांना गिगाबिट कळणार नाहीत. पण चौथी खेप घालायची की नाही, एवढे तरी कळेल.