प्रशिक्षणात शिक्षकांचे हात रिकामे का?

विज्ञान प्रशिक्षणाचा दिवस आम्हा शिक्षकांना पाठ असतो: प्रास्ताविक, स्लाइड, चहा, पुन्हा स्लाइड, शेवटी सही. ‘कृतीतून शिकवा’ हे ऐकायचं, तेही हाताची घडी घालून!

मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत 1972 साली सुरू झालेल्या विज्ञान कार्यक्रमाने हे उलटं केलं होतं. प्रशिक्षणात शिक्षकच गट करून प्रयोगाला बसत, निरीक्षणं जुळली नाहीत की वाद घालत. पुढे महिन्याच्या बैठकीत वर्गातल्या अडचणी मांडत. सरकारने 2002 मध्ये तो गुंडाळला, ही गोष्ट वेगळी.

आपल्या प्रशिक्षणातही हे जमेल. प्रत्येक शिक्षकाला एक सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा द्या. होल्डर नको. बल्बचं बूड सेलच्या टोपीवर टेकवायचं आणि वायर बल्बच्या बाजूच्या धातूपासून सेलच्या तळाला न्यायची, हे सुचेपर्यंत भल्याभल्या पदवीधरांची फजिती होते. होऊ द्या की! मुलं कुठे अडतात, ते तिथेच कळतं.

यासाठी वेगळा निधीही नको. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद दरमहा भरतेच. तिथले दोन तास प्रयोगाला द्या. तिथे वाचली जाणारी परिपत्रकं काय, व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच आलेली असतात.