तेलकट कचऱ्यातून गॅस : बोईसर-तारापूरला जमेल का?

२०२५-२६ पासून सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये १ टक्का बायोगॅस मिसळणं शहरांना गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांना बंधनकारक झालंय. २०२८-२९ मध्ये हेच प्रमाण ५ टक्के होईल. एवढा गॅस आणायचा कुठून, म्हटलं की नजर तेलकट कचऱ्याकडे जाते. बोईसरच्या हॉटेलांचं, कारखान्यांच्या कँटीनचं खरकटं, मोरीच्या जाळीत साचलेली चरबी, सातपाटीच्या मासळीचा कचरा. माल भरपूर आहे.

हिशोबही भारी दिसतो. एक किलो पिष्टमय पदार्थातून ०.४ घनमीटरच्या आसपास मिथेन मिळतो, तर एक किलो चरबीतून जवळपास १ घनमीटर. म्हणजे कागदावर १८-१९ किलो चरबीत एका घरगुती सिलिंडरएवढी ऊर्जा!

पण कागदावरच. बंद टाकीत हवेशिवाय जगणारे जिवाणू आधी चरबी फोडतात. त्यातून ग्लिसरॉल आणि लांब साखळीची मेदाम्लं निघतात. ही आम्लं जिवाणूंनाच चिकटतात, मिथेन बनवणाऱ्यांचं काम मंदावतं, वर साय धरते आणि गाळ तरंगून बाहेर जायला लागतो. माझ्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर एकदम लाख रिक्वेस्ट टाकल्यासारखं. क्षमता असते, पण वेग झेपत नाही. इलाजही तोच : थोडं थोडं द्या, शेणात किंवा भाजीच्या कचऱ्यात मिसळा, ढवळत राहा. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ प्लांटमध्ये कचरा आधी वेगळ्या टाकीत हवा देऊन मऊ करतात आणि मग बंद टाकीत सोडतात, ते याच शहाणपणाचं.

मला खरी भीती वेगळीच वाटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं होतं. इथे ‘तेलकट’ म्हणजे वडापावचं तेलही आणि रासायनिक कारखान्याच्या पिंपातला गाळही. दुसरा प्रकार टाकीत गेला तर जिवाणू मरतीलच, पण जड धातू मरत नाहीत. ते उरलेल्या स्लरीत राहतात, आणि स्लरी खत म्हणून वाडीत जाते, चिकूच्या मुळाशी.

म्हणून उद्या तुमच्या भागात असा प्लांट आला, तर गॅस किती निघतो हे नंतर विचारा. आधी विचारा, टँकर कुठून भरून येतात आणि स्लरीची तपासणी कोण करतं.