विचारले कोणाला?

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेतल्यावर, 20 जानेवारी 2025 रोजी केलेल्या भाषणात डोनाल्ड ट्रम्प यांनी भूप्रदेश वाढविण्याची भाषा केली, पनामा कालवा परत घेण्याचा मनोदय बोलून दाखविला आणि विल्यम मॅकिन्ली यांचे गुणगान केले. मॅकिन्ली यांच्याच कारकीर्दीत अमेरिकेने समुद्रापार साम्राज्य उभारले. तेव्हा त्या काळचा वाद पुन्हा तपासणे अगत्याचे आहे.

10 डिसेंबर 1898 च्या पॅरिस करारान्वये स्पेनने फिलिपाइन्स अमेरिकेच्या हवाली केले; त्यापोटी अमेरिकेने दोन कोटी डॉलर मोजले. फिलिपिनो नेत्यांनी त्याच वर्षीच्या जूनमध्ये स्वातंत्र्य घोषित केले होते; पण करारात त्यांना स्थान नव्हते. सिनेटमध्ये वाद मात्र जोरदार झाला. शासितांच्या संमतीवाचून राज्य करणे हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याशी विसंगत आहे, असे सत्ताधारी पक्षाचेच जॉर्ज होर बजावत राहिले. अनेक विरोधकांची चिंता मात्र निराळी होती: परक्या वर्णाची प्रजा अमेरिकेत सामील होईल, ही. 6 फेब्रुवारी 1899 रोजी 57 विरुद्ध 27 मतांनी करार संमत झाला. दोन-तृतीयांश बहुमताच्या अटीपेक्षा अवघे एक मत अधिक!

बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला हा व्यवहार अपरिचित वाटू नये. आदिलशाहीने शहाजीराजांना जहागीर दिलेले हे शहर 1687 च्या सुमारास तीन लाख रुपयांच्या सौद्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे गेले. पुढे इंग्रजांनी 1881 मध्ये म्हैसूरचे राज्य वोडेयर घराण्याला परत केले, पण बंगळुरूची छावणी 1947 पर्यंत आपल्याच ताब्यात ठेवली. क्युबाला 1902 मध्ये स्वातंत्र्य मिळूनही ग्वांतानामोचा तळ 1903 पासून अमेरिकेकडेच आहे, तो याच रीतीने. सतराव्या शतकात रयतेला विचारण्याची प्रथाच नव्हती, हे मान्य. परंतु लोकसंमतीचे तत्त्व जगाला ऐकवून अमेरिकेने ते 1898 मध्ये बाजूस ठेवले. तिचा दोष म्हणूनच अधिक गंभीर ठरतो.

ज्यांना 1899 मध्ये कोणी विचारले नाही, त्यांच्या उत्तराची वेळ 1991 मध्ये आली. त्या वर्षी फिलिपाइन्सच्या सिनेटने अमेरिकी लष्करी तळांचा करार 12 विरुद्ध 11 मतांनी फेटाळला. पुढे 2014 च्या कराराने अमेरिकी सैन्याला त्या देशातील तळांवर पुन्हा प्रवेश मिळाला, हेही नमूद केले पाहिजे. तरीही मताने आलेले साम्राज्य मताने रोखता येते, हे इतिहासाने दाखविले.

आपल्याकडे ते मतच नाही. भूभाग देण्याचा प्रश्न नसेल, तर परराष्ट्रांशी करार सरकार करते. संसदेची पूर्वसंमती त्यासाठी बंधनकारक नाही. 2016 मध्ये अमेरिकेशी झालेला लष्करी रसदविषयक करारही याच वाटेने आला. त्यात परकीय तळाची तरतूद नाही, हे खरे. तथापि तशी तरतूद उद्या कोणी केली, तर संसद चर्चा करील, जाब विचारील. मतदान मात्र करू शकेलच असे नाही. संरक्षणविषयक करार संसदेच्या संमतीस पात्र ठरविणारा कायदा म्हणूनच हवा. साम्राज्याच्या विरोधात भाषणे पुष्कळ झाली आहेत. त्याला रोखण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींच्या हाती असणे अधिक महत्त्वाचे.