कोर्टाच्या जिन्यावरचा गोठा

डिसेंबर उजाडला की अमेरिकेत एक भांडण हमखास निघते: सरकारी जागेत नाताळचा गोठा, म्हणजे बाळ येशूच्या जन्माचा देखावा, मांडायचा की नाही? तिथल्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत दोन कलमे शेजारी शेजारी नांदतात. सरकारने कुठल्याही धर्माची स्थापना करायची नाही, आणि कुणाच्या धर्माचरणाला आडकाठीही करायची नाही. एक पक्ष पहिले कलम पुढे करतो, दुसरा दुसरे. माझे म्हणणे असे की सरकारने स्वतः देव मांडू नये. जागा द्यायचीच असेल तर येईल त्याला द्यावी, नाहीतर कुणालाच देऊ नये.

१. सरकारी आश्रयात देवाचेच नुकसान होते. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट शहराच्या नाताळच्या देखाव्यात सांताक्लॉजचे घर होते, रेनडिअर होते, विदूषक, हत्ती, अस्वल अशी चित्रे होती आणि त्यात बाळ येशूचा गोठाही होता. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो चालवून घेतला. सगळा देखावा मिळून हे सणाचे चित्रण आहे, धर्मप्रसार नव्हे, असे बहुमताचे म्हणणे. शहर जिंकले. पण श्रद्धावान ख्रिस्ती माणसाला काय मिळाले? आजूबाजूला सांताची गर्दी होती म्हणून येशूला जागा मिळाली! वकील मंडळी याला चेष्टेने ‘रेनडिअरचा नियम’ म्हणतात.

२. मग न्यायाधीशांना सजावट मोजत बसावे लागते. पिट्सबर्गमध्ये काउंटीच्या कोर्टाच्या मुख्य जिन्यावर एका कॅथलिक संस्थेने दिलेला गोठा असे. वर देवदूत, त्याच्या हातात देवाचा महिमा गाणारा लॅटिन फलक. तिथून जवळच, शहर आणि काउंटीच्या कचेरीबाहेर ४५ फुटी नाताळवृक्ष, त्याच्याशेजारी १८ फुटी मेनोरा, म्हणजे ज्यूंच्या हनुक्का सणाचा दिवा, आणि खाली स्वातंत्र्याला वंदन करणारी महापौरांच्या नावाची पाटी. १९८९ मध्ये निकाल लागला. जिन्यावरचा गोठा घटनाबाह्य, ५ विरुद्ध ४. झाडाशेजारचा मेनोरा चालेल, ६ विरुद्ध ३. गोठा एकटा होता आणि मेनोऱ्याला झाडाची सोबत होती, हा फरक. न्यायमूर्ती केनेडी यांना हा कीस काढणे पटले नव्हते. त्यांच्या मते दोन्ही चालायला हवे होते. त्यांचा उपाय मला मान्य नाही, तक्रार मात्र रास्त वाटते.

३. ‘परंपरा आहे’ हे उत्तर पुरत नाही. अलीकडे न्यायालय इतिहासाकडे जास्त झुकले आहे. मेरीलँडमधल्या ब्लेडन्सबर्गचा ४० फुटी क्रूस, पहिल्या महायुद्धातल्या मृतांचे स्मारक, २०१९ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी कायम राहिला. जुने स्मारक पाडा असे मीही म्हणणार नाही. पण इतिहासावर बोट ठेवले की आधी येऊन बसलेल्याचीच सरशी होते, हे ध्यानात असू द्यावे.

४. खुली जागा म्हणजे खरोखर खुली. ओहायोच्या विधानभवनासमोरच्या चौकात कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी संघटनेला क्रूस उभारायचा होता. चौक सर्वांना खुला असल्याने १९९५ मध्ये न्यायालयाला तो मान्य करावा लागला. बॉस्टनने नगरभवनासमोरचा ध्वजस्तंभ वर्षानुवर्षे मागेल त्याला दिला आणि एका ख्रिस्ती झेंड्याला तेवढा नकार दिला. २०२२ मध्ये न्यायालयाने एकमताने शहराला चुकीचे ठरवले. २०१३ मध्ये फ्लोरिडाच्या विधानभवनात गोठ्यापाठोपाठ त्याचा निषेध म्हणून बिअरच्या डब्यांचा खांब आला. २०२३ मध्ये आयोवाच्या विधानभवनात सैतानपंथीयांनी आपली मूर्ती मांडली आणि कुणीतरी तिची मोडतोड केली. हे सगळे सोसायची तयारी नसेल तर दार उघडूच नये.

५. दार बंद केल्याने सण बुडत नाही. सँटा मोनिकाच्या सागरकिनारी उद्यानात १९५३ पासून गोठे मांडले जात. २०११ मध्ये जागांची सोडत निघाली आणि बहुतेक जागा नास्तिकांना लागल्या. पुढच्या वर्षी शहराने खाजगी देखावेच बंद केले. गोठेवाले कोर्टात गेले, हरले, आणि गोठे खाजगी जागेत हलले. नाताळ काही थांबला नाही.

६. हे आपल्याला लांबचे वाटेल, कारण आपल्याकडचे वाद वेगळ्या मुद्द्यांवर होतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये रस्ते-उद्यानांत नवी अनधिकृत प्रार्थनास्थळे बांधायला मनाई केली; सणांच्या मंडपाचा वाद परवानगी, रस्त्याची रुंदी आणि आवाज यांवर चालतो. सरकारी कचेरीतल्या सत्यनारायणाकडे मात्र फारसे कुणी वळून बघत नाही. वर्गणी कर्मचाऱ्यांची असते हे खरे, पण जागा, वीज आणि कामाचा वेळ जनतेचा. न्यू जर्सीत घर घेतलेल्या आपल्या मुलाला तिथल्या नगरपालिकेने दारात फक्त गोठाच मांडलेला चालेल का, हे कचेरीतल्या साहेबांनी पूजेला बसण्याआधी फोन करून विचारून घ्यावे.