पाच ग्रॅमचा हात

तेल नाही, चोळणे नाही, मान कडकन मोडणे नाही. अंगावरचे कपडेही तसेच. माणूस टेबलावर उताणा झोपतो, दिवा मंद होतो आणि डोक्याशी बसलेला थेरपिस्ट दोन्ही हातांची ओंजळ करून त्याचे डोके तीत घेतो. पुढचा पाऊण-एक तास बघणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. हात मधूनच कमरेखाली जातात, पावलांशी थांबतात, पुन्हा कवटीशी येतात. दाब किती? या पद्धतीचे शिक्षक सांगतात, पाच ग्रॅम. अमेरिकेतल्या पाच सेंटच्या नाण्याच्या वजनाएवढा. मालीश म्हणजे अंग रगडून घेणे, अशी सवय असलेला मराठी माणूस टेबलावरून उठतो तेव्हा त्याच्या मनात एकच शंका असते : उपचार सुरू झाला होता कधी?

याला म्हणतात क्रेनियोसेक्रल थेरपी. क्रेनियम म्हणजे कवटी, सेक्रम म्हणजे माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड, त्रिकास्थी. पुण्यात कोरेगाव पार्कच्या ओशो आश्रमात याची सत्रे आणि प्रशिक्षणवर्ग झालेले आहेत, गोव्यातल्या वेलनेस केंद्रांच्या दरपत्रकात हे नाव दिसते आणि आता शहरांतले काही फिजिओथेरपिस्टही ते पाटीवर लिहितात. अर्धशिशी, मानदुखी, निद्रानाश, जबड्याचे दुखणे, तान्ह्या बाळाचे न थांबणारे रडणे, अगदी स्वमग्नतासुद्धा, असा दाव्यांचा पल्ला मोठा आहे. अशा वेळी जाणाऱ्याने दोन हिशेब वेगळे ठेवावेत. त्या टेबलावर मिळणारी शांतता हा एक; आणि त्या शांततेचे जे शरीरशास्त्र सांगितले जाते, तो दुसरा. पहिला बऱ्याच जणांच्या बाबतीत जुळतो. दुसरा जुळत नाही.

गोष्टीची सुरुवात 1899 च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, कर्क्सव्हिल गावी झाली. हाडे-सांधे हाताने हाताळून उपचार करणाऱ्या ऑस्टिओपॅथीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल यांच्या कॉलेजात विल्यम गार्नर सदरलँड नावाचा विद्यार्थी सुट्या केलेल्या कवटीसमोर उभा होता. कानशिलाच्या हाडाची तिरकी तासलेली कड बघून त्याला माशाचे कल्ले आठवले. कल्ले श्वासासाठी असतात, तर मग ही हाडेही कसल्या तरी श्वासासाठी हलत असतील, ही कल्पना त्याच्या डोक्यातून जाईना. पुढे त्याने पट्टे आणि शिरस्त्राणासारखी साधने स्वतःच्याच डोक्याला आवळून प्रयोग केले आणि 1939 मध्ये ‘द क्रेनियल बोल’ हे पुस्तक काढले.

दुसरा अंक जॉन अपलेजर यांचा. हेही ऑस्टिओपॅथ. 1970 च्या सुमारास मानेच्या एका शस्त्रक्रियेत मज्जारज्जूवरचे आवरण स्थिर धरण्याचे काम त्यांच्याकडे होते. ते आवरण संथ लयीत हलत राहिले आणि काही केल्या स्थिर राहीना, असे त्यांनी पुढे सांगितले. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या कामानंतर 1985 मध्ये त्यांनी फ्लोरिडात स्वतःची संस्था काढली. सदरलँडची विद्या ऑस्टिओपॅथ डॉक्टरांपुरती होती. अपलेजर यांनी ती मालीश करणाऱ्यांपासून शिक्षकांपर्यंत सर्वांना खुली केली. पहिल्या पातळीचा वर्ग चार दिवसांचा. ही पद्धत जगभर पसरली याचे मोठे कारण हेच.

सिद्धान्त थोडक्यात असा. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जे पाणी असते, म्हणजे दवाखान्यात ‘पाठीतले पाणी काढून तपासले’ म्हणतात ते, मिनिटाला 6 ते 12 वेळा भरते-ओसरते. त्या भरती-ओहोटीने कवटीची हाडे आणि त्रिकास्थी किंचित हलतात. ही लय अडली की आजार होतो. हलक्या हाताने अडथळा सोडवला की शरीर स्वतःच दुरुस्त होते.

यातले पाणी खरे आहे. मोठ्या माणसात ते साधारण 150 मिलिलिटर असते आणि दिवसाला अर्धा लिटर नव्याने तयार होते, म्हणजे रोज तीन-चारदा बदलले जाते. ते हलतेही. एमआरआयवर ती हालचाल दिसते, मात्र ती चालते मुख्यतः हृदयाच्या ठोक्यावर आणि श्वासावर. या सिद्धान्तातली स्वतंत्र लय तिथे दाखवता आलेली नाही.

हाडांचे काय? टाळू भरणाऱ्या आजीला कुणी सांगायला नको, की बाळाच्या कवटीची हाडे सुटी असतात. जन्मताना ती एकमेकांवर सरकतात, म्हणून तर बाळ बाहेर येऊ शकते. मोठी टाळू दीड वर्षाच्या आसपास बुजते. प्रौढाची गोष्ट वेगळी. सदरलँडच्या सिद्धान्तात सगळ्यात महत्त्वाची हालचाल कवटीच्या तळाशी, स्फीनॉइड आणि मागच्या ऑक्सिपिटल हाडाच्या सांध्यात होते. तो सांधा विशीच्या आगेमागे पक्का हाड होऊन जातो. 2006 मध्ये अमेरिकी संशोधकांनी भूल दिलेल्या सशांच्या कवटीवर 5 ते 20 ग्रॅमचा ताण देऊन पाहिला. हाडांमधल्या शिवणीत हालचाल दिसली नाही, डोक्यातला दाबही बदलला नाही. माणसाची कवटी सशापेक्षा कितीतरी जाड.

तरीही एखादा म्हणेल, यंत्राला कळत नसेल, अनुभवी हाताला कळते. मराठी घरांत नाडीवैद्यांच्या कथा काही कमी नाहीत, त्यामुळे हा युक्तिवाद इथे पटकन पटतो. पण तो तपासणे अगदी सोपे आहे. दोन डॉक्टर एकाच मनगटाची नाडी मोजायला बसले, तर एकाला 72 आणि दुसऱ्याला 100 येत नाहीत. क्रेनियोसेक्रल लयीची हीच परीक्षा 1994 मध्ये अमेरिकेत झाली. तीन फिजिओथेरपिस्टनी 12 जणांची लय स्वतंत्रपणे मोजली. आकडे पूर्ण जुळले तर 1 आणि मुळीच न जुळले तर शून्य येईल, असा गुणांक काढला; तो आला उणे 0.02. चिठ्ठ्या टाकून आकडे लिहिले असते, तरी फार काही बिघडले नसते. 1998 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात एक तपासनीस डोक्याशी आणि दुसरा पायांशी बसवला. लय साऱ्या अंगभर एकच असेल तर दोघांचे आकडे एकाच वेळी सारखे यायला हवेत. आले नाहीत.

म्हणजे थेरपिस्ट खोटे बोलतात का? बहुतेक जण बोलत नसावेत. बोटे बराच वेळ हलकेच टेकवून ठेवली की टोकांत स्वतःचीच नाडी उडू लागते. घरी बसून कुणीही करून पाहावे. त्यात समोरच्याचा श्वास आणि स्वतःच्या स्नायूंची बारीक हालचाल मिसळली, की हाताला काहीतरी जाणवणारच. जाणवते ते त्या माणसाच्या कवटीतून येते, हे मात्र कुणी दाखवून दिलेले नाही.

लय नसली तरी गुण येत असेल, तर रुग्णाला तेवढे पुरे, हा पुढचा मुद्दा, आणि तो रास्त आहे. जर्मनीत 2016 मध्ये जुन्या मानदुखीच्या 54 रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना आठ आठवडे ही थेरपी दिली, उरलेल्यांना नुसताच हलका, बनावट स्पर्श. थेरपीवाल्यांचे दुखणे जास्त कमी झाले आणि तीन महिन्यांनीही फरक टिकला. चाचणी चांगली होती, पण लहान. आणि खरा हात कुठला, खोटा कुठला, हे हात लावणाऱ्याला ठाऊकच असते. त्याच संशोधकांच्या गटाने पुढे 10 चाचण्या आणि 681 रुग्ण एकत्र धरून जुन्या दुखण्यांत फायदा असल्याचे मांडले. मग 2024 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी 15 चाचण्या पुन्हा तपासल्या आणि निष्कर्ष काढला, की कुठल्याच आजारात फायदा दिसत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतासाठी 1999 मध्ये झालेल्या आढाव्यातही पुरावा अपुरा ठरला होता. दोन्ही बाजूंचे कागद समोर ठेवले तर फार तर एवढे म्हणता येते : जुन्या दुखण्यात थोडा आराम पडू शकेल. स्वमग्नता, अपस्मार, ऐकू न येणे यांच्याबाबत तेवढेही म्हणता येत नाही.

आराम पडतो त्याची साधी कारणेही आहेत. फोन बंद करून तासभर स्वस्थ पडणे, कुणीतरी काळजीने डोके हातात घेणे, मध्ये न तोडता आपले ऐकून घेणे हे सरकारी ओपीडीच्या रांगेत मिळत नाही, महागड्या स्पेशालिस्टच्या सात मिनिटांतही मिळत नाही. टेबलावर काहींना रडू येते. थेरपिस्ट त्याला पेशींत साठलेल्या भावना मोकळ्या झाल्या म्हणतात. कित्येक महिन्यांत कुणी इतक्या मायेने हात लावला नव्हता, हे कारणही पुरेसे असू शकते. शिवाय अर्धशिशी आणि पाठदुखी चढते-उतरते. माणूस थेरपिस्टकडे जातो तो दुखणे शिगेला पोचल्यावर, म्हणजे उतार जवळ आलेला असतानाच. संध्याकाळी कळवळून रडणारे बाळ तीन-चार महिन्यांचे झाले, की बहुतेक वेळा आपसूक शांत होते. त्या आठवड्यात ज्याच्याकडे नेले त्याच्या नावावर श्रेय जमा होते, मग ती मालीशवाली असो, ग्राइप वॉटरची बाटली असो की थेरपिस्ट.

पाच ग्रॅमने काय बिघडणार, असे म्हणून विषय संपत नाही. डोक्याला मार लागलेल्या 55 रुग्णांच्या 1995 मधल्या एका अहवालात तिघांचा त्रास या उपचारानंतर वाढल्याची नोंद आहे, आणि ती याच पद्धतीच्या बाजूच्या डॉक्टरांनी केलेली आहे. डोक्यात नुकताच रक्तस्राव झाला असेल, मेंदूची रक्तवाहिनी फुगलेली असेल किंवा डोक्यातला दाब वाढलेला असेल, तर हा उपचार नको, असे या पद्धतीचे शिक्षकही सांगतात. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2009 मध्ये तीन महिन्यांच्या एका मुलीच्या मृत्यूची हकिगत प्रसिद्ध केली. उपचाराला नाव क्रेनियोसेक्रल होते. प्रत्यक्षात तिची मान आणि पाठ खोलवर वाकवली गेली होती. पाटीवर काय लिहिले आहे यावरून आत हात काय करणार, ते कळत नाही.

भारतात तर पाटीमागे पाहायला कायदेशीर आधारही नाही. आयुषच्या यादीत आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी आहेत. ही पद्धत नाही. त्यामुळे बीपीटी ही पदवी घेतलेला फिजिओथेरपिस्ट आणि चार दिवसांचा वर्ग करून आलेला हौशी माणूस एकच बिरुद लावू शकतात.

म्हणून वेळ घेण्याआधी फोनवरच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. मूळ शिक्षण काय? मान वळवणार, ओढणार, की फक्त हात टेकवणार? चालू औषधे बंद करायला सांगणार का? सांगणार असतील तर बोलणे तिथेच संपवावे. अचानक आलेली प्रचंड डोकेदुखी, हात-पाय बधिर होणे, बोलताना जीभ अडखळणे, बाळाची टाळू फुगणे किंवा त्याने दूध ओढणे सोडणे यांपैकी काही असेल तर फोन थेरपिस्टला न करता थेट रुग्णालय गाठावे. मूल बोलत नाही म्हणून जायचे असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञ आणि कानांची तपासणी. बोलायला लागण्याची ती वर्षे पुन्हा येत नाहीत.

शेवटचा प्रश्न पैशांचा. किती सत्रांत फरक पडला नाही तर तुम्हीच थांबा म्हणाल? तीन किंवा चार असा सरळ आकडा मिळाला आणि खिशाला झेपत असेल, तर तासभर स्वस्थ पडून राहायला हरकत नाही. ‘ते तुमचे शरीरच सांगेल’ असे उत्तर आले, तर फोन ठेवून जवळच्या फिजिओथेरपिस्टची वेळ घ्यावी.