लेझरने पेटवलेला ‘सूर्य’ आणि कामोठ्याचं वीजबिल: फ्युजनची बातमी कशी वाचायची?

कामोठ्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून एक-दोनदा हा फॉरवर्ड येतोच. ‘शास्त्रज्ञांनी लेझरने प्रयोगशाळेत सूर्य पेटवला! टाकली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली! आता वीज जवळपास फुकट!’ खाली पंधरा अंगठे. आणि त्याच ग्रुपवर गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतं, “एवढा खर्च कशाला? थोडं थांबा, नवीन टेक्नॉलॉजी येतेच आहे.”

गंमत म्हणजे फॉरवर्डमधली मूळ बातमी खोटी नाही. जास्त ऊर्जा खरंच मिळाली. फक्त ती कुठल्या मीटरवर मोजली, हे त्यात लिहिलेलं नसतं. आणि सगळा घोळ तिथेच आहे. म्हणून आज आपण ही बातमी महावितरणच्या बिलावर असतो त्या ‘युनिट’मध्ये मोजून बघू.

नेमकं झालं काय?

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये लॉरेन्स लिव्हरमोर नावाची सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीमध्ये, म्हणजे ‘निफ’मध्ये, १९२ लेझर किरण एका सोन्याच्या छोट्या नळीत सोडतात. नळी पेन्सिलच्या खोडरबराएवढी. तिच्या आत मिरीच्या दाण्याएवढी गोळी, आणि गोळीत हायड्रोजनची दोन भावंडं: ड्युटेरियम आणि ट्रिटियम. लेझरमुळे नळीच्या आतल्या भिंतीतून क्ष-किरण निघतात, ते गोळीला सगळ्या बाजूंनी इतकं करकचून दाबतात की तापमान दहा कोटी अंशांच्या वर जातं.

एवढ्या उष्णतेत अणू अणू राहत नाही. इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि जे उरतं त्याला प्लाझ्मा म्हणतात. नाव भारी वाटतं, पण ट्यूबलाइटच्या आत जे चमकतं आणि पावसाळ्यात आकाशात जी वीज कडाडते, तोही प्लाझ्माच. निफमधला प्लाझ्मा मात्र इतका तापलेला आणि दाटलेला असतो की त्यात दोन अणूंची केंद्रकं एकमेकांत मिसळतात, हेलियम तयार होतो आणि ऊर्जा बाहेर पडते. हेच फ्युजन. सूर्याच्या पोटातही हायड्रोजनपासून हेलियमच बनतो.

५ डिसेंबर २०२२ रोजी पहिल्यांदा हिशोब जमला. लेझरने गोळीच्या नळीत २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि फ्युजनमधून ३.१५ मेगाज्यूल निघाली. एप्रिल २०२५ मध्ये हा आकडा ८.६ मेगाज्यूलवर गेला. टाकलेली ऊर्जा होती २.०८. म्हणजे चारपट. विज्ञान म्हणून ही मोठीच मजल आहे, त्यात शंका नको.

आता युनिटमध्ये बोलू

आपल्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. आता मोजा. २०२२ मधला ऐतिहासिक शॉट म्हणजे ०.८८ युनिट. २ किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं; त्याहून हे थोडं कमीच. २०२५ चा ८.६ मेगाज्यूल म्हणजे २.४ युनिट. दीड टनाचा एसी दोनेक तास चालेल एवढं.

इथवर कोणी म्हणेल, असू दे थोडं, पण टाकल्यापेक्षा जास्त तर मिळालं ना? तर आता दुसरा मीटर बघा. लेझरचा तो २ मेगाज्यूल प्रकाश तयार करायला निफ ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल वीज घेतं. म्हणजे ८३ युनिट! दोन माणसांच्या, एसी नसलेल्या घराचं जवळपास महिन्याचं बिल. ८३ युनिट दिले, २.४ युनिट आले, आणि तेही उष्णतेच्या रूपात. त्या उष्णतेची वीज करायला गेलो तर हातात जेमतेम एक युनिट उरेल.

‘टाकली त्यापेक्षा जास्त’ हे वाक्य खरं ठरतं ते गोळीच्या नळीपाशी लावलेल्या मीटरवर. इमारतीच्या मेन मीटरवर चित्र उलटं आहे. शास्त्रज्ञांनी हे लपवलेलं नाही, पत्रकार परिषदेतही स्पष्ट सांगितलं होतं. ते गाळलं गेलं हेडिंगमध्ये आणि मग फॉरवर्डमध्ये.

निफच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. हे वीजकेंद्र म्हणून बांधलेलंच नाही. त्याचं मुख्य काम अमेरिकेच्या अण्वस्त्रांचा अभ्यास, म्हणजे नवे चाचणीस्फोट न करता त्यांची माहिती ठेवणं. त्याचे लेझर जुन्या पद्धतीचे, फ्लॅश लॅम्पवर चालणारे आहेत. आजच्या डायोडवर चालणाऱ्या लेझरमध्ये विजेचा बराच जास्त भाग प्रकाशात उतरतो.

मग वीजकेंद्र किती लांब?

चला, उदार मनाने नवीन लेझर धरू. समजा, १०० युनिट वीज दिली तर १० युनिट प्रकाश मिळतो. उष्णतेची वीज करताना सुमारे ४० टक्के हाती लागते, असंही धरू. मग नुसतं लेझरचं बिल फिटायला फ्युजनने किती पट ऊर्जा द्यायला हवी? १० युनिट प्रकाशाचे २५० युनिट उष्णता व्हायला हवेत, तेव्हा त्यातून १०० युनिट वीज निघेल. म्हणजे पंचवीसपट. आज आहे चारपट. आणि पंचवीसपट झालं तरी तुमच्या-माझ्या घराला द्यायला काहीच उरत नाही. विकण्याइतकी वीज हवी तर पन्नास ते शंभरपट लागेल.

दुसरी अडचण वेगाची. निफमध्ये दिवसाला साधारण एखाद-दुसरा शॉट होतो. वीजकेंद्रात सेकंदाला दहाच्या आसपास शॉट लागतील. म्हणजे दिवसाला आठ लाखांहून जास्त गोळ्या, प्रत्येक गोळी अगदी बिनचूक गोल, आणि प्रत्येकीवर लेझरचा नेम अचूक. आज त्या एकेक करून, निगुतीने घडवल्या जातात.

तिसरी अडचण इंधनाची. ड्युटेरियम समुद्राच्या पाण्यात भरपूर आहे, म्हणून ‘अमर्याद इंधन’ म्हणतात. पण ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नसतोच, आणि साठवला तर साधारण १२ वर्षांत निम्मा होतो. तो केंद्रातच लिथियमपासून बनवत राहावा लागेल. मोठ्या प्रमाणावर हे अजून कोणी करून दाखवलेलं नाही.

चुंबकाचा रस्ता

फ्युजनचा दुसरा रस्ता म्हणजे प्लाझ्माला चुंबकांच्या पिंजऱ्यात धरून ठेवायचं. या यंत्राला टोकामॅक म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या ‘वेस्ट’ टोकामॅकने १,३३७ सेकंद, म्हणजे २२ मिनिटांहून जास्त वेळ प्लाझ्मा टिकवला. ‘कृत्रिम सूर्य २२ मिनिटं पेटला’ अशी बातमी तुम्ही वाचली असेल. तो विक्रम वेळेचा होता. त्यातून वीज निघाली नाही, काढायचीही नव्हती.

फ्रान्समध्येच उभा राहत असलेला ‘इटर’ हा सगळ्यात मोठा प्रकल्प. भारत त्याच्या सात भागीदारांपैकी एक आहे. त्याचं सुमारे ३० मीटर उंचीचं अवाढव्य पोलादी आवरण, क्रायोस्टॅट, लार्सन अँड टुब्रोने सुरतजवळच्या हजीरा इथे तुकड्यांमध्ये तयार केलं. ‘इटर’चं ध्येय आहे ५० मेगावॅट उष्णता देऊन ५०० मेगावॅट मिळवणं. दहापट! पण इथेही मीटर प्लाझ्मापाशीच लावलेला आहे, आणि ‘इटर’ वीज तयार करणारच नाही. २०२४ मधल्या नव्या वेळापत्रकानुसार खऱ्या इंधनाचे प्रयोग तिथे २०३९ मध्ये सुरू होतील. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भारतासाठी जो आराखडा मांडलाय, त्यात प्रात्यक्षिक वीजकेंद्रासाठी २०६० च्या आसपासचा काळ धरलाय. आज कॉलेजात असलेला मुलगा तेव्हा निवृत्तीला टेकलेला असेल.

आणि अंदाज चुकणं हे काही आजचं नाही. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद झाली. अध्यक्ष होते आपल्या मुंबईचे डॉ. होमी भाभा. दोन दशकांत फ्युजनची ऊर्जा काबूत आणता येईल, असं भाकीत त्यांनी तिथे केलं होतं. भाभांसारख्या माणसाचा अंदाज पन्नास वर्षांहून जास्त चुकला. यात भाभांचा कमीपणा नाही. प्रश्न किती चिवट आहे ते यावरून कळतं.

मग हे संशोधन वाया?

अजिबात नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, १०० टेरावॅट वर्गाचा लेझर आहे. जगाच्या सरासरी वीजवापराच्या कितीतरी पट ताकद! पण तोही युनिटमध्ये मोजा. त्याचा एक झटका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही लाखाव्या भागांत मोजावा लागतो, म्हणजे २५ फेम्टोसेकंद. एकूण ऊर्जा भरते २.५ ज्यूल. एक लिटरची पाण्याची बाटली वीतभर उचलायला लागते तेवढी. तरीही एवढ्याशा क्षणात ती एका ठिपक्यावर ओतली की ताऱ्यांमधल्यासारखा प्लाझ्मा टेबलावर तयार होतो. प्रा. जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने अशा प्लाझ्मातली प्रचंड चुंबकीय क्षेत्रं मोजली आहेत. या कामाचा उद्देश मुळात पदार्थ समजून घेणं हा आहे, वीज विकणं नव्हे.

त्याहून जवळचं उदाहरण हवंय? कामोठ्याला लागून असलेल्या नवीन पनवेलमध्ये, कळंबोली हायवेजवळ, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे. तिथले शास्त्रज्ञ ज्या प्लाझ्माचा अभ्यास करतात तो आपल्या डोक्यावर आहे: वातावरणाच्या वरच्या थरातला आणि सूर्याकडून येणारा. तुमच्या फोनचा जीपीएस सिग्नल त्याच थरातून खाली येतो. तिथे गडबड झाली की लोकेशन सरकतं. १० मे २०२४ च्या रात्री दोन दशकांतलं मोठं सौरवादळ आलं आणि लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं, ते याच प्लाझ्मामुळे. या संस्थेची मुळं कुलाब्याच्या वेधशाळेत आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या चुंबकीय गडबडीपासून लांब म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा उभारली गेली, आणि तिथली मोजणी आजही चालू आहे.

थोडक्यात, प्लाझ्मा संशोधन तुमच्या खिशातल्या फोनला आज उपयोगी पडतंय. फक्त घरचं बिल कमी करायला नाही.

आणि जमिनीखालची उष्णता?

हाच मीटर दुसऱ्या एका चर्चेतल्या विषयालाही लावू. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. लगेच ‘कोकणातल्या गरम पाण्यावर वीज’ असे व्हिडिओ फिरायला लागले. आपल्याकडे गरम पाण्याची कुंडं आहेत हे खरंच. रायगडमध्ये पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे. नावातच ऊन आहे. वर पालघर-ठाण्याच्या बाजूला वज्रेश्वरी आणि गणेशपुरी.

पण उन्हेऱ्याच्या कुंडात लोक आंघोळ करतात, यातच उत्तर आहे. वाफेवरचं टर्बाइन फिरवायला साधारण १५० अंशांच्या वरचं पाणी लागतं. कमी तापमानावरही वीज होते: अलास्कातल्या चेना इथे ७४ अंशांच्या पाण्यावर छोटं केंद्र चालतं. मात्र तिथे थंड करायला बर्फगार पाणी आणि हवा फुकट मिळते. वीज निघते ती गरम आणि थंड यांच्यातल्या फरकातून, आणि कोकणात थंड बाजूच तीस अंशांची. खोलवर जास्त उष्णता आहे का, हे भोक पाडल्याशिवाय कळत नाही, आणि भोक स्वस्त नसतं. कोयनेजवळ गोठण्याला ३ किलोमीटर खोल छिद्र पाडलंय, पण तेही भूकंपाच्या अभ्यासासाठी.

म्हणून आपल्याकडे या पाण्याची उष्णता थेट वापरणं जास्त शहाणपणाचं: कोकम, मासळी, आंब्याच्या पोळ्या सुकवायला. नव्या धोरणात अशा थेट वापरालाही जागा आहे. वीजकेंद्रासाठी लडाखमधलं पुगा खोरं जास्त आशादायक आहे, आणि ओएनजीसीने तिथेच हात घातलाय.

पुढचा फॉरवर्ड आला की हे तीन प्रश्न विचारा

१. मीटर कुठे लावलाय? गोळीपाशी, प्लाझ्मापाशी की इमारतीच्या मेन स्विचपाशी?

२. मिळालं ते काय: उष्णता, नुसता टिकलेला वेळ, की खरोखर वीज?

३. हे किती वेळा करता येतं? दिवसातून एकदा की सेकंदाला दहादा?

तिन्हींची उत्तरं बातमीत नसतील, तर ती प्रयोगशाळेची बातमी आहे. आनंदाने वाचा. फिजिक्स किंवा इंजिनिअरिंग करत असाल तर जास्तच वाचा, कारण लेझर, व्हॅक्यूम, चुंबक, पोलाद या सगळ्यांत पुढची तीस वर्षं काम आहे. पण तिच्यावर घरचे निर्णय टांगून ठेवू नका.

कारण गच्चीचा हिशोब आजच करता येतो. महाराष्ट्रात १ किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे निफच्या २०२५ च्या शॉटपेक्षा जास्त, आणि ते थेट मीटरवर दिसतं. पीएम सूर्य घर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पावसाळ्यात उत्पादन घटतं, गच्चीवर पाण्याच्या टाक्यांची सावली पडते, काही ठिकाणी गच्ची कोणाची यावरूनच भांडण असतं. हे सगळे खरे प्रश्न आहेत आणि सर्वसाधारण सभेत त्यांच्यावर बोलायलाच हवं.

“थोडं थांबा, फ्युजन येतंय” हा मात्र त्या सभेतला मुद्दा होऊ शकत नाही. कोणी मांडलाच, तर त्यांना ८३ आणि २.४ हे दोन आकडे सांगा.